किती दिवसांची आठवण?

छत्री, चष्मा आणि घड्याळ या तीन वस्तू सोडल्या, तर उभ्या आयुष्यात मी कोणतेही यंत्र स्वतः निवडून विकत आणलेले नाही. रेडिओ वडिलांनी आणला, शिलाईचे यंत्र पत्नीच्या माहेराहून आले, दूरदर्शनचा संच धाकट्या भावाने पाठवला आणि मोबाईल मुलीने हातात ठेवला. अशा माणसावर वयाच्या चौसष्टाव्या वर्षी डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर नावाचा डबा निवडण्याची पाळी यावी, हा ग्रहयोगच म्हणायचा!

पण पाळी आली खरी, आणि ती आईमुळे आली.

माझी आई शहाऐंशी वर्षांची. ती सिंदेवाही तालुक्यातल्या आमच्या गावी, जुन्या कवेलूंच्या घरात राहते. मी चंद्रपुरात, भाऊ पुण्यात. दोघांनीही तिला आपल्याकडे नेऊन पाहिले. पण आठ दिवस झाले की ती पिशवी भरून दाराशी बसते. शेजारच्या काकू, नात्याने तिची धाकटी जाऊ, रात्री सोबतीला झोपायला येतात. घराच्या मागे सांदवाडी, सांदवाडीमागे धानाचे बांध, आणि बांध संपले की जंगल. आईचे माहेर वैनगंगेपलीकडे, आरमोरीकडचे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा "सरकारनं माझं माहेर परजिल्ह्यात नेलं जी," अशी तक्रार तिने कितीतरी दिवस केली होती. चंद्रपूर तर तिच्या लेखी अजून चांदाच आहे.

अलीकडे तिला विसर पडू लागला आहे. हा विसरही मोठा विचित्र. सकाळी जेवली की नाही हे तिला दुपारी सांगता येत नाही. मात्र लग्नात वरातीच्या छकड्याचा डावा बैल कोणत्या रंगाचा होता, ते ती बिनचूक सांगते. पाटीवर लिहिताना ओल्या फडक्याने मागची ओळ पुसायची सोडून हातातली ओळच पुसावी, तसे काहीसे चालले आहे.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या एप्रिलमध्ये, एका पहाटे काकूंना जाग आली तो अंथरूण रिकामे. कंदील घेऊन दोन माणसे धावली. आई सापडली ती घरापासून तीनशे पावलांवर, रानाच्या कडेच्या मोहाखाली. टोपली घेऊन शांतपणे फुले वेचीत बसली होती. आमच्या भागात मोहाचा हंगाम म्हणजे मार्च-एप्रिल. फुले पहाटे टपटपतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात; लहानपणी ती रोज याच वेळी आईबरोबर जात असे. माणसाप्रमाणे अस्वलालाही मोह आवडतो, आणि अस्वलापेक्षा वाईट काही त्या झाडाखाली येऊ शकते, हे आमच्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. त्यानंतर महिना उलटतो न उलटतो तोच आमच्याच तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी पुण्याहून भावाचा फोन आला. त्याने दोनच गोष्टी सांगितल्या. एक, दाराला कुलूप, दोन, कॅमेरे.

कुलूप सोपे होते. ओसरीला लोखंडी जाळी आहे, जाळीच्या दाराला रात्री कुलूप घालायचे आणि किल्ली काकूंच्या उशाखाली ठेवायची. कॅमेऱ्यांसाठी मात्र मला जटपुरा गेटाजवळच्या एका दुकानात जावे लागले. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी निघाला. मी शाळेत गणित शिकवीत असे, आणि हा मुलगा काळ, काम आणि वेगाच्या उदाहरणांत नियमाने नापास होत असे.

"सर, कॅमेरे कोणतेही घ्या, उन्नीसबीस फरक," तो म्हणाला, "खरी निवड या डब्याची."

मग त्याने मला विद्यार्थी केले. अशी दुरून पाहणारी कॅमेऱ्यांची व्यवस्था जर्मनीत १९४२ साली पेनेम्युंडे येथे रॉकेटांच्या चाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी उभारली होती, हे मी कुठेतरी वाचले होते. पण ते नुसते पाहणे होते. पुढे चित्रे फितीवर उतरू लागली, ती फीत भरली की माणसाने बदलायची. आता फितीची जागा हार्ड डिस्कने घेतली आणि फीत बदलणाऱ्या माणसाची गरजच उरली नाही. डब्यांच्या जाती दोन. डीव्हीआरमध्ये कॅमेरा आपले चित्र जाड गोल केबलीतून डब्याकडे पाठवतो, आणि त्याचे आकड्यांत रूपांतर करून, दाबून लहान करून ठेवण्याचे काम डबा करतो. एनव्हीआरमध्ये हे काम कॅमेराच उरकतो आणि संगणकाच्या जाळ्याच्या तारेतून तयार माल पाठवतो; त्याच तारेतून कॅमेऱ्याला वीजही देता येते. चित्र अधिक चांगले, पण खर्च अधिक, आणि एका तारेची मर्यादा शंभर मीटर. गावात बिघडले तर दुरुस्तीला कोण येणार, या एका प्रश्नावर मी डीव्हीआरकडे वळलो. गोल केबल जोडणारा मुलगा सिंदेवाहीत मिळतो. ज्याला हाक मारली तर माणूस येतो ते यंत्र चांगले, हा माझा नियम आहे.

"चार कॅमेऱ्यांचा की आठांचा?"

चारांचा. एक फाटकावर, एक सांदवाडीच्या दाराशी, एक अंगणात, एक ओसरीत. तो म्हणाला, आणखी एक आजींच्या खोलीत लावू. मी नको म्हटले. आई चोर नव्हे आणि वाघही नव्हे. तिच्या अंथरुणावर डोळा रोखून ठेवायला माझे मन घेईना. फाटकावरच्या कॅमेऱ्यात शेजारची बोअरिंग दिसते, तिथे बायका पाणी भरतात, म्हणून त्याचेही तोंड आत वळवायचे ठरले.

"आणि सर, किती दिवसांची आठवण पाहिजे?"

प्रश्न त्याने सहज विचारला. पण मला क्षणभर उत्तरच सुचेना. आठवण अशी दिवसांवर मोजून विकत मिळते, हे मला ठाऊक नव्हते. त्याने कागद पुढे सरकवला. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा साधारण दर सेकंदाला दोन मेगाबिट चित्र पाठवतो. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे सेकंदाला पाव मेगाबाइट. दिवसाचे सेकंद ८६,४००. एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ गिगाबाइट, चारांचे ८६.४. एक टेराबाइटची डिस्क, म्हणजे हजार गिगाबाइट, साडेअकरा दिवसांत भरते. अरे, हा तर आपला जुना हौद! चार नळ चालू आहेत, तर हौद किती वेळात भरेल? मी हसलो, तोही हसला. "सर, तेव्हा जमत नव्हतं. आता रोज हेच करतो."

"आणि भरल्यावर?"

"भरल्यावर सगळ्यात जुनं आपोआप पुसतो आणि त्यावर नवं लिहितो."

दाबण्याची नवी पद्धत, एच.२६५ नावाची, घेतली तर तेवढ्याच जागेत जवळजवळ दुप्पट दिवस मावतात. हालचाल झाली तरच नोंद करायची असे सांगून ठेवले तर आणखी. पण त्या पद्धतीचा डबा महाग होता. मी मास्तरी हिशेब केला, की अकरा दिवसांत जो चोर सापडत नाही तो बाविसाव्या दिवशीही सापडत नाही, आणि साधा डबा घेतला. डिस्क मात्र त्याने साधी घेऊ दिली नाही. घरच्या संगणकातली डिस्क दिवसातून काही तास चालण्यासाठी असते. ही रात्रंदिवस लिहिणारी, त्यासाठीच घडवलेली हवी. डबा कपाटात कोंडायचा नाही, मेमध्ये पारा ४७ च्या वर जातो तेव्हा त्यालाही वारा लागतो; इन्व्हर्टरला जोडायचा; पहिल्या दिवशी त्याचा परवलीचा शब्द बदलायचा. एवढे सगळे वहीत लिहून घेऊन मी मूलमार्गे गावी निघालो.

मृगाचा पाऊस पडत असताना डबा ओसरीच्या कोनाड्यात बसला. आईने जवळ येऊन पाहिले. "हे काय करते जी?"

"आठवण ठेवते," मी म्हणालो.

"बरं झालं. आता मले काही विचारू नका, त्यालेच विचारा," असे म्हणून ती पान जमवायला बसली.

पहिले काही दिवस डब्याने आमची करमणूक केली. एकदा वीज गेली, इन्व्हर्टरही संपला, आणि परत आली तेव्हा डब्यातल्या घड्याळाचा नाणेएवढा सेल ढिला असल्यामुळे तारीख उमटली १ जानेवारी २०००. शेजारचे काका बोअरिंगवर पाणी नेताना पंचवीस वर्षांनी तरुण झाले! पुढे, अंधारात दिसावे म्हणून कॅमेऱ्याभोवती जे न दिसणाऱ्या प्रकाशाचे दिवे असतात, त्यांवर किडे जमू लागले. किड्यांसाठी कोळी आला. आणि त्याने कॅमेऱ्याच्या तोंडावरच संसार थाटला. रात्रभर पडद्यावर हत्तीएवढा कोळी नाचत असे. हालचालीवर नोंद घेणारा डबा मी घेतला नाही याचा मला आनंद झाला. नाहीतर साऱ्या तालुक्यात त्या कोळ्याइतके चरित्र कोणाचेच नोंदले गेले नसते.

याच सुमारास एका ओळखीच्या वनरक्षकाने जंगलातल्या कॅमेऱ्यांची गोष्ट सांगितली. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, महाराष्ट्रातले पहिले. तिथे आज झाडांना जे कॅमेरे बांधतात ते सतत लिहीत नाहीत. ऊबदार शरीर समोरून हलले की तेवढा क्षण टिपतात. ते वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर बांधतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात, आणि ओळख पटवायला दोन्ही बाजू लागतात. १९२० च्या दशकात एफ. डब्ल्यू. चँपियन नावाच्या वनाधिकाऱ्याने वाटेवर तार ताणून वाघाला स्वतःच स्वतःचे छायाचित्र काढायला लावले होते. १९९० च्या दशकात उल्हास कारंत यांनी नागरहोळेत पट्ट्यांवरून वाघ मोजण्याचे शास्त्र बसवले. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि साडेतीन कोटींच्या घरात छायाचित्रे निघाली. त्यांत वाघाची होती ७६,६५१. बाकीची इतर प्राण्यांची, गुराढोरांची, आणि माणसांचीही.

"वाघ सांभाळायला कॅमेरा उपयोगी पडतो काय?" मी विचारले.

"नाही सर," तो म्हणाला, "कॅमेरा फक्त सांगतो. सांभाळायला पायीच जावं लागते."

त्याचे हे बोलणे मी तेव्हा ऐकले आणि सोडून दिले.

जुलैच्या अखेरीस मी गावी गेलो होतो. काकूंना विचारले, "आई रात्री उठते का?" "नाही बाबू, बाई कशा शांत झोपतात," त्या म्हणाल्या. त्या खोटे बोलत नव्हत्या. दिवसभर रोवणीला जाऊन आलेल्या बाईची झोप ती. दुपारी पाऊस लागला होता, करायला काही नव्हते, म्हणून मी डबा दूरदर्शनला जोडला आणि आदल्या रात्रीची ओसरी लावली.

पहाटे चार वाजून सहा मिनिटांनी आई आली. हातात टोपली. जाळीच्या दाराशी उभी राहिली. कुलूप हातात घेऊन तिने ते उलटेसुलटे पाहिले, ओढले, पुन्हा ओढले. मग खाली बसली. मग उठून पुन्हा ओढले. आवाज त्या डब्यात नव्हता, पण तिचे ओठ हलत होते. ती कुणाला तरी हाक मारीत होती. पाऊण तासाने, उजाडायच्या सुमारास, ती टोपली घेऊन आत गेली.

मी त्याआधीची रात्र लावली. चार वाजून अकरा मिनिटे. त्याआधीची. तीन वाजून बावन्न. मी एकेक रात्र मागे जात राहिलो. अकरा रात्री, अकराही रात्री ती आली होती, आणि प्रत्येक रात्री ते कुलूप तिला नव्याने भेटले होते. काल ते बंद होते हे तिला आठवत नव्हते, म्हणून आज ते बंद असल्याचे दुःखही ताजे. बाराव्या रात्री काय झाले ते डब्याला ठाऊक नव्हते आणि आईलाही. कुलूप लावून मात्र दीड महिना होऊन गेला होता.

चोर पकडण्यासाठी मी अकरा दिवसांची आठवण विकत घेतली होती. त्या अकरा दिवसांत एकच माणूस पकडला गेला, आणि तो मी.

त्या संध्याकाळी मी पुण्याला फोन केला. भाऊ बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "कुलूप काढलं आणि ती पुन्हा त्या मोहाखाली गेली तर?" त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. तीन बायकांची बातमी मीही विसरलो नव्हतो. कुलूप आम्ही क्रूरपणाने लावले नव्हते, भीतीने लावले होते. पण भीती आमची होती आणि शिक्षा तिला होत होती, एवढे त्या काळ्यापांढऱ्या चित्रांनी मला दाखवले.

दोन दिवसांत आम्ही घराची मांडणी बदलली. जाळीच्या दाराचे कुलूप काढून ते फाटकाला लावले. अंगण आणि सांदवाडी मिळून जे तारेचे कुंपण होते, ते उंच आणि घट्ट करून घेतले, कडेची झुडपे तोडली आणि अंगणात रात्रभर जळणारा दिवा लावला. जाळीच्या दाराला आमच्या जुन्या बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा बांधली. दार हलले की घंटा वाजते, घंटा वाजली की काकू उठतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचा बदल म्हणजे मी स्वतः तिथे राहायला गेलो. सेवानिवृत्त गणिताच्या मास्तरावाचून चंद्रपूरचे काही अडत नाही, हे मला तीन वर्षांपूर्वीच कळायला हवे होते.

पहिल्या पहाटे घंटा वाजली. मी आणि काकू दोघेही उठलो. आई अंगणात उतरली, टोपली घेऊन फाटकाकडे निघाली, आणि मध्येच थांबली. कोपऱ्यातला पारिजातक नुकताच फुलायला लागला होता. खाली ओल्या मातीवर चार-दोन फुले पडली होती. ती वाकली आणि वेचू लागली. फाटकाकडे तिने पाहिलेही नाही. मी ओसरीच्या पायरीवर बसून राहिलो.

पुढे श्रावण-भाद्रपदात सडा वाढत गेला. ती रोज चारला उठे, टोपली भरेपर्यंत वेची आणि उजाडल्यावर ती माझ्यापुढे ठेवी. एकदा तोंड बारीक करून म्हणाली, "यंदा मोह लहान पडला बाबू. पाणी कमी झालं असन."

"होय आई," मी म्हणालो, "पण वास चांगला आहे."

त्या उत्तरासाठी मला शाळेत कोणी गुण दिले नसते. पण तिचे समाधान झाले. फुले काकू देवाला वाहतात. उरलेली सावलीत वाळवतात, कारण आईच्या मते मोह वाळवला नाही तर वर्षभर पुरणार कसा?

दिवाळी आली. झाडीपट्टीत दिवाळीबरोबर नाटकांचा हंगाम सुरू होतो. भाऊबीजेपासून गावोगाव मंडप पडतात, खेळ रात्री सुरू होतो तो उजाडेपर्यंत चालतो, आणि घरेच्या घरे कडी लावून मैदानात जाऊन बसतात. एरवी अशा रात्रींसाठीच कॅमेरे उपयोगाचे. भाऊ पुण्याहून सहकुटुंब आला होता. भाऊबीजेला आईचा पंचाहत्तरीतला भाऊ आरमोरीकडून आला, तिने त्याला ओवाळले, त्याचे नाव तिला बरोबर आठवले, आणि तो कोणत्या झाडावरून कधी पडला होता तेही. अंगणात पणत्या होत्या, मुले फटाके उडवीत होती. हे सारे डब्याने लिहून घेतले असणार. भाऊ म्हणाला, "दादा, एवढे काढून ठेव हं, अकरा दिवसांत पुसले जाईल."

मी हो म्हटले आणि विसरलो. बाराव्या दिवशी आठवले, तेव्हा भाऊबीजेवर नव्या रात्री लिहून झाल्या होत्या. मला फार चुटपुट लागली. आईजवळ जाऊन मी सहज विचारले, "आई, भाऊबीज आठवते का गं?"

तिने मान हलवली आणि सांगू लागली. भाऊ बैलगाडीने आला होता, नदीला पाणी होते म्हणून उशीर झाला, निरांजनात तेल संपले, आईने शेजारून आणले, ओवाळणीत त्याने एक आणा घातला. मी हिशेब केला. ती भाऊबीज सुमारे सत्तर वर्षांपूर्वीची होती. तिचे एकही पान पुसले गेले नव्हते.

आता हे लिहितो आहे तेव्हा रात्रीचे साडेतीन झाले आहेत. कोनाड्यात डब्याचा लहानसा निळा दिवा लुकलुकतो आहे. थोड्या वेळाने घंटा वाजेल. मी जाईन, पायरीवर बसेन. समोर आई पारिजातकाखाली वाकलेली असेल. मागे एकदा मी त्यातली एक पहाट पडद्यावर लावून पाहिली होती. रात्रीच्या त्या चित्रात रंग नसतात. केशरी देठ दिसत नाहीत, पांढऱ्या पाकळ्या दिसत नाहीत. अंधारात एक म्हातारी बाई आहे, जवळ टोपली आहे, आणि जमिनीवर फिकट ठिपके पडले आहेत. तो मोह नव्हे, असे त्या चित्रावरून कुणालाही सांगता येणार नाही.